कुत्र्याचे कोरडे डोळे आणि स्टेम सेल उपचार: माहिती, अनुभव हवेत

मनवा

आमची चिंगी, शिह त्झू, सात वर्षांची. बरेच महिने तिच्या डोळ्यांचं काही ना काही चालू आहे. आधी "इन्फेक्शन आहे" म्हणून अँटिबायोटिकचे थेंब मिळत गेले. थेंब चालू असेपर्यंत बरं, बंद केले की पुन्हा तेच. सकाळी पापण्या चिकटलेल्या. ओल्या कापसाने पुसायला गेलं की खालच्या पापणीतून हिरवट चिकट चिपडाचा दोरा निघतो, तो तुटतही नाही, नुसता लांबत जातो. खिडकीसमोर बसली की पूर्वी तिच्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचं स्वच्छ प्रतिबिंब दिसायचं, आता त्याच्या कडा फाटलेल्या दिसतात.

शेवटी डोळ्यांच्या व्हेटकडे नेलं. त्यांनी कागदाची पट्टी पापणीत अडकवून मिनिटभर धरली. उजवा ४, डावा ७. निदान: ड्राय आय, म्हणजे केराटोकंजंक्टिव्हायटिस सिका. सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा सुरू झालं. डावा डोळा १२ पर्यंत आला, उजवा मात्र ५ च्या पुढे सरकत नाही आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर तपकिरी डाग पसरतोय.

आता दुसऱ्या एका क्लिनिकने स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन सुचवलंय. त्यांचे शब्द: "अश्रुग्रंथी पुन्हा तयार होईल, मग आयुष्यभर औषध घालायची गरज नाही." ऐकायला फार छान वाटतं, म्हणूनच धाकधूक आहे. कोणी केलंय का? यात खरं किती?

खवचट

"आयुष्यभर औषधाची गरज नाही" हे वाक्य कुठल्याही क्लिनिकमध्ये ऐकू आलं की पाकीट आतल्या खिशात सरकवावं. बाकी जाणकार सांगतीलच. चिंगीला शुभेच्छा.

अर्धवेळ वैद्य

मी व्हेट आहे, पण डोळ्यांचा तज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करतो. हा आजार काही दुर्मीळ नव्हे. ब्रिटनमधल्या लाखो कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा हजारात साधारण चार कुत्र्यांना तो निघाला. कॉकर स्पॅनियल, इंग्लिश बुलडॉग, पग, ल्हासा, वेस्टी, शिह त्झू, कॅव्हेलियर या जातींत त्याहून बराच जास्त. आणि चिपडं दिसली की अँटिबायोटिक, हा प्रकार आमच्या धंद्यात फार चालतो. थेंबांच्या पाण्याने डोळा ओला होतो, जंतू कमी होतात, चार दिवस बरं वाटतं. पट्टी लावायला मिनिटभर लागतं, पण तेवढंच राहून जातं.

स्टेम सेलकडे वळण्याआधी हा कोरडेपणा कुठून आला ते ठरवायला हवं, कारण सगळं उत्तर त्यावर आहे.

कुत्र्याच्या प्रत्येक डोळ्याला पाणी पुरवणाऱ्या दोन ग्रंथी असतात. एक डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, हाडाच्या आडोशाला. दुसरी तिसऱ्या पापणीच्या मुळाशी. ही दुसरी एकूण पाण्याचा तिसरा हिस्सा तरी देते. म्हणून चेरी आयमध्ये बाहेर आलेली ग्रंथी कापून टाकली तर काही वर्षांनी डोळा कोरडा पडू शकतो. ती कापायची नसते, आत बसवायची असते. बहुतेक कुत्र्यांत मात्र कारण वेगळं: शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा या ग्रंथींवर उलटते, लिम्फोसाइट्स (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आत घुसतात आणि पाणी करणारा भाग हळूहळू नष्ट होऊन तिथे चट्टा पडतो. याखेरीज सल्फाची औषधं, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग), चेहऱ्याच्या नसेचा बिघाड, जन्मजात ग्रंथी नीट न वाढणं, अशीही कारणं असतात. थायरॉइड कमी असणं, मधुमेह आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल जास्त होणं) हे आजारही सोबत सापडतात.

पट्टीचं गणित: मिनिटाला १५ मिमी किंवा जास्त ओली झाली तर ठीक. १० ते १४ म्हणजे संशय. ५ ते १० म्हणजे आजार नक्की. ५ च्या खाली गंभीर. म्हणजे चिंगीचा उजवा डोळा अजून काठावरच आहे.

मनवाताई, चार गोष्टी सांगा: उजवी नाकपुडी कोरडी, खपली धरलेली आहे का? चेरी आयचं ऑपरेशन झालंय का? कधी सल्फा दिलंय का? आणि सायक्लोस्पोरिन किती टक्क्यांचं, किती आठवडे झालं?

मनवा

नाकपुड्या दोन्ही ओल्या. चेरी आय कधीच नाही. सल्फाचं जुन्या फाइलमध्ये तरी काही दिसत नाही. मलम ०.२ टक्के, तीन महिने होऊन गेले. थायरॉइड कोणी तपासायला सांगितलं नाही. तपकिरी डागाचं काय? तो पुसला जाईल का?

अर्धवेळ वैद्य

नाकपुडी ओली म्हणजे नसेचा प्रकार असण्याची शक्यता कमी. प्रतिकारशक्तीवालाच प्रकार दिसतो. थायरॉइड करून घ्या. डाग हा रंगद्रव्याचा. बुबुळ सतत घासलं आणि सुजलं की शरीर तिथे रंग भरून बसतं. पाणी वाढलं की पसरणं थांबतं, कधी थोडा फिका होतो, पूर्ण जाईल असं धरून चालू नका. याच कारणाने "बघू, थांबू" हे फार दिवस करू नये.

०.२ टक्के ही सुरुवात असते. त्याने भागलं नाही तर तेलात बनवलेलं १ किंवा २ टक्क्यांचं सायक्लोस्पोरिन, नाहीतर टॅक्रोलिमस, हेही प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. २००५ मध्ये कुत्र्यांवरच टॅक्रोलिमसच्या थेंबांचा अभ्यास आला होता, त्यात सायक्लोस्पोरिनला दाद न देणाऱ्या कुत्र्यांपैकीही बऱ्याच जणांचं पाणी वाढलं. तुमच्याकडे ही पायरी अजून चढलेलीच नाही. कोणी इंजेक्शन सुचवण्याआधी हे विचारलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

पेशीबाई

मी प्रयोगशाळेत याच पेशींवर काम करते, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे "ग्रंथी पुन्हा तयार होईल" हा दावा. या उपचारात वापरतात त्या पेशी मेसेन्कायमल (चरबी, अस्थिमज्जा अशा ऊतींत सापडणाऱ्या मूळ पेशी), बहुधा चरबीतून काढलेल्या. मादीची नसबंदी करताना निघालेली चरबी घेतात, विकराने विरघळवून पेशी वेगळ्या करतात, प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. लागतील तेव्हा वितळवून ग्रंथीत किंवा ग्रंथीभोवती टोचतात, लाखांच्या घरात. या पेशी तिथे जाऊन अश्रुग्रंथी बनत नाहीत. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात मरून जातात. मरण्याआधी त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२, टीजीएफ-बीटा यांसारखी द्रव्यं सोडतात. त्यामुळे चवताळलेल्या टी पेशी (वर सांगितलेल्या लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) थंड होतात, हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, सूज उतरते. मग ग्रंथीचा जो भाग दबून बसला होता पण जिवंत होता, तो पुन्हा पाणी करू लागतो.

अग्निशमनाचा बंब आग विझवतो, जळालेलं घर बांधून देत नाही. जिथे ग्रंथीच्या जागी नुसता चट्टा उरलाय तिथे विझवण्यासारखंही काही उरलेलं नसतं.

आता पुरावा. २०१५ मध्ये स्पेनमधल्या गटाने १२ कुत्र्यांचे २४ डोळे घेतले, सगळे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. दुसऱ्या कुत्र्यांच्या चरबीतल्या पेशी अश्रुग्रंथींभोवती टोचल्या आणि तीन, सहा, नऊ महिन्यांनी तपासलं. पट्टीचा आकडा वाढला, चिपडं कमी झाली, लाली उतरली, बुबुळ सुधारलं, आणि नऊ महिन्यांत कोणाची तब्येत उलट गेली नाही. गुंतागुंतही कुठे दिसली नाही. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधून दुसरा अभ्यास आला. त्यात सौम्य-मध्यम डोळे नॉर्मल आकड्यापर्यंत पोचले, गंभीर डोळ्यांत पाणी वाढलं पण नॉर्मलला पोचलं नाही. मला तरी हा दुसरा निकाल जास्त बोलका वाटतो. वर लिहिलेल्या यंत्रणेत तो चपखल बसतो: ग्रंथी उरली होती तिथे फायदा पूर्ण, गेली होती तिथे अर्धा. २०१९ मध्ये ब्राझीलमध्येच पेशी टोचण्याऐवजी थेट डोळ्यात घालून बघितल्या, तेव्हाही सूज दाखवणारे आयएल-१, आयएल-६, टीएनएफ-अल्फा हे घटक उतरले.

म्हणजे हे थोतांड नाही. पण तुम्हाला जे वाक्य ऐकवलं गेलं ते या अभ्यासांतून निघत नाही.

आडमुठा

पेशीबाई, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही एक गोष्ट गिळलीत. स्पेनच्या अभ्यासात तुलनागट कुठे होता? नुसतं सलाइन टोचलेली कुत्री कुठे होती? १२ कुत्री, सगळ्यांना खरं औषध, मालकांना ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक. यात बरं वाटणारच.

पेशीबाई

गिळली नाही, पुढच्या घासाला ठेवली होती. :-) तुलनागट नव्हता हे खरं आणि तो मोठा दोष आहे. पण कुत्र्याला प्लासिबो (औषध मिळतंय या समजुतीनेच बरं वाटणं) कळत नाही आणि पट्टी मिलिमीटरमध्ये मोजतात.

आडमुठा

कुत्र्याला नाही, मालकाला कळतो. नवा उपचार सुरू झाला की घरचे डोळे जास्त वेळा पुसतात, थेंब न चुकता घालतात, तपासणीच्या तारखा पाळतात. त्यानेच अर्धं काम होतं. शिवाय माणूस उपचाराला कधी येतो? सगळ्यात वाईट काळात. त्यानंतर आपोआप थोडं बरं होण्याकडेच कल असतो. आणि तुमची ती मिलिमीटरची पट्टी! त्याच कुत्र्याचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा सारखा येत नाही. पट्टी पापणीत कुठे बसवली, कुत्रं किती घाबरलंय, यावर दोन-तीन मिमी इकडेतिकडे सहज.

पेशीबाई

दोन-तीन मिमी मान्य. पण दोन वेगळ्या देशांतल्या गटांना एकाच दिशेचा निकाल मिळतो, आणि औषध थकलेल्या कुत्र्यांत तो नऊ महिने टिकतो, हे नुसत्या नीट पुसण्याने होईल असं मला वाटत नाही. आकार किती, हे मात्र तुलनागटाशिवाय सांगता येणार नाही. यापुढे मी भांडणार नाही.

आडमुठा

मग आपण सहमत आहोत. सवय नाही, जरा विचित्र वाटतंय.

बिट्टूची आई

आमच्या बिट्टूला (कॉकर, तेव्हा नऊ वर्षांचा) हे इंजेक्शन दिलं होतं, दोन्ही डोळ्यांना. अनुभव लिहिते.

गुंगी देऊन काम केलं. वरच्या ग्रंथीजवळ एक आणि तिसऱ्या पापणीत एक अशी टोचणी. डोळ्याच्या बाहुलीत सुई जात नाही, हे आधी कळलं असतं तर रात्रभर जागले नसते. दुसऱ्या दिवशी पापण्या थोड्या सुजल्या, मग उतरल्या. आधीच्या पट्टीचा आकडा दोन्हीकडे ३ होता. काही महिन्यांनी ९ आणि १०. चिपडं कमी झाली, डोळा उघडा ठेवू लागला, संध्याकाळी पंज्याने तोंड घासणं थांबलं. आम्ही खूश. सायक्लोस्पोरिन मात्र बंद झालं नाही. एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी करून पाहिलं तर लाली परत आली. वर्षभराने आकडा थोडा खाली आला, पण पूर्वीइतका नाही.

तेव्हा सांगायचं तर फायदा झाला असं मी म्हणेन. औषधातून सुटका नाही.

अर्धवेळ वैद्य

बिट्टूची आई, एक विचारू? तो आधीचा ३ आकडा कधी मोजला होता?

बिट्टूची आई

त्याच दिवशी, इंजेक्शनच्या आधी. टेबलावर झोपवल्यावर.

अर्धवेळ वैद्य

गुंगी दिल्यावर?

बिट्टूची आई

हो, गुंगीतच होता. जागेपणी पट्टी लावू द्यायचा नाही म्हणून. त्याच्या आधीच्या नोंदीत ६ आणि ७ असं काहीतरी होतं, ते मी फारसं लक्षात घेतलं नाही. का?

अर्धवेळ वैद्य

कारण गुंगीची आणि भुलीची औषधं स्वतःच डोळ्याचं पाणी आटवतात. भुलीनंतर दिवसभरसुद्धा आकडा खाली राहू शकतो. ॲट्रोपीन दिलं असेल तर आणखी. ३ हा बिट्टूचा खरा आकडा नव्हता, गुंगीतला होता. ६-७ वरून ९-१० म्हणजे सुधारणा आहेच, पण "तिप्पट" म्हणून जे सांगितलं जातं ते तसं नाही. तुमचा काहीही दोष नाही, हे क्लिनिकने बघायचं. पट्टी जागेपणी, भुलीचे थेंब न घालता, पुसापुशी करण्याआधी लावायची.

आडमुठा

हे वाचून आज झोप छान लागणार.

बिट्टूची आई

अगंबाई. आमच्याकडे भिंतीवर "आधी ३, नंतर १०" असा बिट्टूचा फोटो लावलाय त्यांनी.

खवचट

बिट्टूला मॉडेलिंगचं मानधन मिळालं का?

निरंजन

थोडं वेगळं. आमच्या कुत्र्याचा एकच डोळा अचानक कोरडा पडला, त्याच बाजूची नाकपुडी वाळून भेगाळली. तो नसेचा प्रकार निघाला. जेवणावर पिलोकार्पिनचे थेंब, अगदी कमी मात्रेपासून वाढवत. मात्रा जास्त झाली की लाळ गळते, उलटी, जुलाब होतात, तेव्हा एक पाऊल मागे यायचं. काही महिन्यांनी नस आपोआप सुधारली आणि थेंब बंद झाले. आम्हालाही कोणीतरी स्टेम सेलचं सुचवलं होतं. इथे प्रतिकारशक्तीचा हल्लाच नाही, मग शांत कोणाला करायचं? डॉक्टरांनी वर नाकपुडीचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो उगाच नाही.

सुरंगी

मला स्वतःला कोरड्या डोळ्यांचा त्रास आहे, माणसांसाठीही हे इंजेक्शन आहे का? आणि बुबुळावर स्टेम सेल लावतात असं वाचलं होतं, ते हेच का?

पेशीबाई

ते हे नाही. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागाला लागून, लिंबस नावाचा पट्टा असतो. तिथल्या मूळ पेशी बुबुळाचा पृष्ठभाग सतत नवा करतात. रसायनाने किंवा भाजून तो पट्टा गेला तर रुग्णाच्याच चांगल्या डोळ्यातून पेशी वाढवून लावतात. युरोपात त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तिथे पेशी खरोखर ऊती बनवतात. अश्रुग्रंथीच्या इंजेक्शनशी त्याचा संबंध नाही, पण जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ करतात. माणसांच्या अश्रुग्रंथीत चरबीतल्या पेशी टोचण्याच्या चाचण्या कोपनहेगनमध्ये चालू झाल्या, पहिल्या छोट्या सुरक्षिततेच्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, चरबीतल्या तथाकथित स्टेम सेल टोचल्या गेल्या आणि तिघींचीही दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली. आजार वेगळा होता, जागा वेगळी होती. पण "तुमच्याच शरीरातल्या पेशी, मग धोका कसला" हे वाक्य कोणी म्हणालं तर ही घटना आठवा.

अर्धवेळ वैद्य

अवांतर, पण सुरंगीताईंसाठी. कोरड्या डोळ्यांत कुत्रा आणि माणूस यांचं नातं जुनं आहे. सायक्लोस्पोरिन हे मुळात अवयव प्रत्यारोपणातलं औषध. जॉर्जिया विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञ रेनी कॅस्वन यांनी १९८० च्या दशकात ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर वापरून दाखवलं. कुत्र्यांसाठीचं मलम अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झालं, माणसांचे थेंब २००२ मध्ये. तुम्ही आज जे थेंब घालत असाल त्याची पहिली परीक्षा कुत्र्यांनी दिली आहे.

सुरंगी

मग आमच्या कुत्र्यासमोर आज नमस्कार घालते! त्याचे डोळे ठणठणीत आहेत, तरी घालते.

रोजच्या काळजीचंही कोणी लिहा ना. इथे सगळे इंजेक्शनवर बोलताहेत.

निरंजन

आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं सुटी होईपर्यंत पापणीवर ठेवायचं, ओढायचं नाही. औषध चिपडांच्या थरावर घातलं तर ते डोळ्याला लागतच नाही, चिपडाला लागतं. थेंब आधी, मलम शेवटी, दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचं अंतर. कृत्रिम अश्रूंमध्ये हायलुरॉनिक ॲसिडवाले जास्त वेळ टिकतात. डोळ्याभोवतीचे केस कापून ठेवायचे. कुत्रं डोळा मिचमिचत असेल, अजिबात उघडत नसेल किंवा बुबुळ निळसर-धुरकट दिसत असेल तर त्याच दिवशी व्हेट. कोरड्या डोळ्यात जखम फार लवकर खोल जाते. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर चुकूनही नाहीत, जखम असेल तर बुबुळ फुटू शकतं.

मनवा

किती मदत केलीत सगळ्यांनी! थायरॉइड नॉर्मल आला. आमच्या डोळ्यांच्या व्हेटने टॅक्रोलिमस सुरू केलंय, ०.०३ टक्के. स्टेम सेलवाल्या क्लिनिकला फोन करायचाच आहे, नकार द्यायला का होईना. काय विचारू?

पेशीबाई

पेशी कुठून आल्या, चिंगीच्या स्वतःच्या की दुसऱ्या कुत्र्याच्या. दुसऱ्याच्या असतील तर त्या दात्याची रोगांसाठी तपासणी झाली का. कोणत्या प्रयोगशाळेत वाढवल्या, किती वेळा फ्लास्क बदलले (फार वेळा वाढवलेल्या पेशी थकतात). जंतू आणि एंडोटॉक्सिनची (जंतूंपासून येणाऱ्या विषाची) चाचणी झाल्याचा कागद आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वितळवल्यानंतर टोचण्याच्या क्षणी किती टक्के पेशी जिवंत असतात. ज्यांना खरंच काम करायचंय ते हा आकडा पटकन सांगतात. चरबी काढून तासाभरात तिथेच गाळून टोचणार असतील तर त्यात मेसेन्कायमल पेशी थोड्याच असतात, बाकी भलतंच काही असतं. अभ्यासांत वापरल्या त्या पेशी वाढवलेल्या होत्या.

अर्धवेळ वैद्य

त्यात माझी भर: याआधी किती कुत्र्यांना दिलं, आणि ज्यांना फायदा झाला नाही त्यांचं काय झालं. प्राण्यांसाठीच्या स्टेम सेल औषधांना रीतसर मान्यता मिळणं शक्य आहे. युरोपात २०१९ मध्ये घोड्यांच्या लंगडेपणासाठी पहिलं असं औषध मान्य झालं. तेव्हा कुठल्या परवानगीखाली देता, हेही विचारा.

मनवा

फोन केला. पेशी दुसऱ्या कुत्र्याच्या, "आमच्या पार्टनर लॅबच्या". लॅबचं नाव सांगत नाहीत. जिवंत पेशींचा टक्का विचारल्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, सगळ्याच जिवंत असतात, म्हणूनच त्यांना स्टेम सेल म्हणतात."

पेशीबाई

मी हे वाक्य लॅबच्या फ्रीजवर चिकटवणार आहे.

आडमुठा

तुलनागटाचं विचारलंत का? (गंमत करतोय.)

बिट्टूची आई

मी आमच्या क्लिनिकला तो फोटो काढायला सांगितला. "बघतो" म्हणाले. मनवा, तरी एक सांगते. चांगली जागा मिळाली आणि औषधाने भागलं नाही तर मी पुन्हा विचार करीन. बिट्टू शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून वावरला, त्यात त्या इंजेक्शनचा वाटा काहीच नव्हता असं मला म्हणवत नाही.

अर्धवेळ वैद्य

त्यावर माझाही आक्षेप नाही. सूज असलेल्या, अजून थोडं पाणी करणाऱ्या ग्रंथीत, नीट वाढवलेल्या पेशी, नीट मोजमाप करणाऱ्या माणसाकडून, चालू औषधासोबत, असं असेल तर तो विचार करण्यासारखा पर्याय आहे. सगळं थकलं तर ऑपरेशनही आहे: गालातली लाळेची नळी वळवून डोळ्यात सोडतात. जेवताना डोळ्यातून धार लागते आणि लाळेतले क्षार बुबुळावर साचतात, पण डोळा ओला राहतो.

मनवाताई, टॅक्रोलिमस हाताळताना हातमोजे घाला. सहा-आठ आठवड्यांनी पट्टी लावून घ्या, आणि त्या दिवशी औषध चुकवू नका. आकडा औषध चालू असतानाचाच हवा. उजवा डोळा ५ वरच राहिला तर पट्टीचे सगळे जुने-नवे आकडे तारखेसह इथे टाका, मग पुढचं बोलू.

मनवा

टाकते. चिंगीने हातमोज्यांपैकी एक आजच पळवलाय, नवीन डबा मागवला.